बधना, सूप आणि जलरंग

आमच्या मोहल्ल्यात चित्रकलेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कशाचं चित्र?" गाणे, सिनेमा, नाटक यांच्याबद्दल लोक लगेच मत देऊन मोकळे होतात. चित्राबद्दल मात्र आधी विचारणा होते. माणसाचे असेल तर कपाळाला आठी, फुलाचे असेल तर मान हलते, मक्का-मदिन्याचे असेल तर चौकट करून भिंतीवर जागा मिळते. लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे चित्र ही एक गोष्ट नसून दोन आहेत, एक चालणारी आणि एक न चालणारी, असेच आम्हाला वाटत असे.

या प्रश्नामागे मोठी परंपरा आहे आणि तिला हसून उडवून लावणे आम्हाला बरोबर वाटत नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आलेल्या एका माणसाची हकीकत आहे. त्याचे पोट चित्रांवर चालत असे. त्याला त्यांनी झाडांची आणि ज्यात रूह नाही अशा वस्तूंची चित्रे काढण्याचा मार्ग दाखवला. पुढे या विषयावर उलमांनी पुष्कळ लिहिले, छायाचित्र आल्यावर आणखी मतभेद झाले. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. पण ज्या जागेबद्दल सहसा कोणाचेच दुमत नाही, ती बेजान वस्तूंची जागा एवढी मोठी असूनही आपण तिच्याकडे वळून पाहत नाही, याचे मात्र आम्हाला नवल वाटते. ती जागा दूर कुठे नाही. मोरीपासून माळ्यापर्यंत आपल्या घरातच ती पसरलेली आहे.

(वर्गात उर्दू शिकवता शिकवता 'हम' तोंडात इतके बसले आहे की मराठी लिहितानाही 'आम्ही'च उमटते. शिवाय या हकिकतीत आम्ही एकट्या नाही. घर आहे, शाळा आहे, मुली आहेत.)

सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही शिकवतो. बी.एड. केले ते उर्दू आणि भूगोल घेऊन. चित्रकलेचा तास आमच्याकडे आला तो आम्हाला चित्रकला येते म्हणून नव्हे. शाळेला चित्रकलेचा शिक्षक नव्हता आणि वेळापत्रकात तास होता, एवढेच कारण. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीपर्यंत कलाशिक्षण असावे असे म्हटले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कागदावर हे सारे आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांत तो तास गणिताच्या राहिलेल्या उदाहरणांना जातो. आमच्या वाट्याला आला तेव्हा आम्हीही पहिले काही आठवडे त्यात नकाशे भरून घेतले.

मग आठवीच्या चार मुली म्हणाल्या, "बाजी, एलिमेंटरीला बसायचंय." राज्याच्या कला संचालनालयामार्फत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा होतात. इंटरमीजिएट उत्तीर्ण झाले की दहावीला वाढीव गुणांचा लाभ मिळतो, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. एलिमेंटरीचा अभ्यासक्रम मागवून पाहिला. पहिलाच विषय वस्तुचित्र. म्हणजे समोर मांडलेल्या साध्या वस्तू, त्यांचा आकार, छायाप्रकाश आणि रंग. आम्हाला हायसे वाटले. इथे कोणाच्या घरून चिठ्ठी येणार नव्हती.

आम्हाला स्वतःला येत नव्हते, म्हणून आधी शिकावे लागले. पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांचे जलरंगांवरचे पुस्तक आणले, कॅमलच्या रंगांची पेटी घेतली आणि रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर ओट्यावरच बसू लागलो. पहिली वस्तू तांब्या. तीन रात्री तांब्याचे तोंड जमेना. वर्तुळ तिरपे पाहिले की लंबवर्तुळ दिसते, एवढे भूगोल शिकवणाऱ्याला कळायला हरकत नाही. पण हात त्याची दोन्ही टोके नेमकी बदामासारखी टोकदार करतो. टोक नसतेच, तिथेही वळणच असते. दुसरे असे की डोळ्यांच्या पातळीजवळचे वर्तुळ चपटे दिसते आणि जसजसे खाली जावे तसतसे ते फुगत जाते. म्हणजे तांब्याच्या तोंडापेक्षा त्याचा तळ अधिक गोलाई घेतो. इतकी वर्षे त्याच तांब्याने पाणी प्यालो, पण हे कधी पाहिले नव्हते.

पुढच्या तासाला मुलींना सांगितले, घरातली रोजची एकेक वस्तू आणा. विकत आणायची नाही, धुऊन चकचकीत करायची नाही. टेबलावर जे जमले ते असे: अडकित्ता, खलबत्त्यातला बत्ता, फुंकणी, निळ्या काठाची तामचिनीची रकाबी, चहाची गाळणी, रॉकेलचा जुना दिवा, एक रिकामी रेहल आणि एका मुलीने पिशवीत लपवून आणलेला बधना.

या वस्तूंनी आधी भाषेचा तास घडवला. प्रत्येक चित्राखाली वस्तूचे नाव उर्दूत आणि मराठीत लिहायचे असे आम्ही ठरवले. सरौता म्हणजे अडकित्ता, हावनदस्ता म्हणजे खलबत्ता, देगची म्हणजे पातेले. उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठीचा धाक असतो. निबंध म्हटला की पेन थांबते. पण तवा दोन्हीकडे तवाच निघाला, सूप सूपच राहिले. सुराहीची सुरई झाली, प्याल्याचा पेला झाला. तबक तर आहे तसेच दोन्ही घरांत नांदते. मुलींना गंमत वाटली. जिला मराठीचे परके वाटत होते तिच्या लक्षात आले की स्वयंपाकघरात ती भाषा केव्हाची येऊन बसली आहे. बधन्यापाशी मात्र गाडी अडली. मराठी शब्द काय? एक म्हणाली झारी, दुसरी म्हणाली तोटीचा तांब्या. वजूच्या पाण्याचे ते भांडे, तोटीतून नेमकी धार पडावी आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून घडवलेले. शेवटी दोन्ही ओळींत आम्ही बधनाच लिहिले. मराठीला एक शब्द आमच्याकडून.

जलरंगांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण या रंगांचा स्वभाव आमच्या पुढच्या गोष्टीत मिसळलेला आहे. या रंगात रंगद्रव्य बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या डिंकाने बांधलेले असते आणि पाण्याने ते पसरते. तो पारदर्शक असतो. खालचा कागद त्यातून दिसत राहतो. म्हणून पारदर्शक जलरंगाच्या रीतीत पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथे उजेड आहे तिथे कागद तसाच कोरा ठेवायचा. भांड्यावरची चमक आपण काढत नाही, ती सोडतो. ती कुठे सोडायची हे ब्रश बुडवण्यापूर्वी ठरवावे लागते. तैलरंगात वरून दुसरा थर देऊन दुरुस्ती होते, इथे फार वाव नाही. मुलींना हे सांगताना आम्ही म्हणत असू, घरात पाहुणे येणार असतील तर आधी बसायची जागा मोकळी करून ठेवतो ना, तसे.

स्टीलचे भांडे सगळ्यात कठीण. त्याला स्वतःचा रंग नसतो. शेजारी टोमॅटो असेल तर ते तांबडे होते, मुलीची ओढणी हिरवी असेल तर हिरवे. एका मुलीने स्टीलचा डबा सरळ राखाडी रंगवला आणि तो सिमेंटचा दिसू लागला. मग तिला डब्यासमोर बसवून विचारत गेलो, इथे काय दिसते, तिथे काय दिसते. खिडकी दिसली, वही दिसली, शेवटी ती स्वतःच दिसली, लांबट आणि वाकडी. "बाजी, ये तो जानदार हो गया!" ती घाबरून म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. तेवढा भाग आम्ही ओढणीच्या रंगाचा एक पट्टा करून सोडवला.

तांबे याच्या उलट. ते उदार असते. पिवळ्या गेरूचा पातळ हात, तो सुकल्यावर बर्न्ट सिएना, कडेला थोडे क्रिमसन आणि सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन. काळा रंग नको. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की जो गडद रंग होतो त्यात ऊबही असते आणि गारवाही. सावली काळी नसते, हे मुलींना पटवायला आम्हाला महिना लागला. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की दुपारी रंग पसरण्याआधीच कागदावर वाळतो आणि डाग पडतो. म्हणून उन्हाळ्यात आम्ही फजरच्या नमाजनंतर बसतो. तो उजेड तिरपा असतो आणि भांड्यांना तो मानवतो.

हे सगळे आमच्या घरात दादीच्या देखत चालले होते. दादी चित्रांच्या बाबतीत कडक. कॅलेंडरवर माणूस असेल तर त्यावर कागद चिकटवणारी. पहिल्या दिवशी तिने ओट्याजवळ येऊन विचारले, "क्या उतार रई?" आम्ही तांब्या दाखवला. तिने कागद पाहिला, तांब्या पाहिला. "जान है क्या उस्मे? नै ना. फिर उतार." एवढे बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून देग काढायला लावली.

ती देग तिच्या लग्नातली. तांब्याची, जाड बुडाची, पंचवीस-तीस माणसांचा पुलाव होईल एवढी. तिच्याबरोबर दोन देगच्या, एक परात, एक तबक, हात धुवायची सिलफची आणि बधना. सात नग. पूर्वी वर्षातून एकदा कल्हईवाला गल्लीत यायचा. जमिनीत खळगा करून कोळसे पेटवायचा, भात्याने फुलवायचा, भांडे तापले की नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा. मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचा आणि तांबूस भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. कल्हई नसली तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला यायचा बंद झाला तशी देगही माळ्यावर गेली.

दादी पाटावर बसून आमच्याकडून चित्र काढवून घेऊ लागली. देगेच्या काठाखाली एक पोचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरही हादरले. फळीवरची देग खाली आली, तो हा पोचा. आम्ही तेव्हा चार-पाच वर्षांच्या असू. आठवते ती फक्त अंगणातली गर्दी. दादीला देगेचा आवाज आठवत होता. "ऐसी बजी के लगा मस्जिद का नगारा है." पोच्यापाशी उजेडाची रेघ तुटते आणि पुन्हा जुळते. ते रंगवताना चार कागद वाया गेले. परातीच्या तळाला पॅच होता. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसे खडी फोडायला जात होती. लाल मिलोचे पीठ त्याच परातीत मळले जाई. पीठ जमून येत नसे म्हणून दादी ते गरम पाण्याने थापत असे. तबकाच्या मधोमध सुरीचे बारीक चरे होते, प्रत्येक बकरी ईदचे. आम्ही इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करून घेतो. इथे त्या भांड्यांवर उमटलेल्या होत्या.

दादी गेल्यानंतर २०१९ च्या पावसाळ्यापूर्वी घराचे पत्रे बदलायचे ठरले. तीन भावांचे घर, तिघांची ओढाताण. पैशाचा हिशोब कुठेच जमेना, तेव्हा मोठ्या अब्बांनी माळ्याकडे पाहिले. तांबे वजनावर जाते. घडणावळीला, कल्हईला, पोच्याला किंमत नसते. आम्हाला वाईट वाटले, पण गळक्या छपराखाली देग जपा असे म्हणण्याची आमची हिंमत नव्हती आणि ते योग्यही झाले नसते. आम्ही फक्त एक आठवडा मागितला. मोठ्या अब्बांनी विचारले, "आठ दिन में क्या होता?" आम्ही म्हणालो, "सात नग आहेत. रोज एक."

तो आठवडा आमच्या घराने फार वेगळा काढला. रोज पहाटे एक भांडे अंगणात चौरंगावर मांडले जाई. चुलतभावांची मुले वाटीत पाणी आणून देत. अम्मी, ज्या एरवी रंगांना पसारा म्हणत, त्यांनी चिंच-मिठाने घासू का, असे विचारले. आम्ही नको म्हणालो. काळपटपणाही त्या भांड्याचाच होता. चौथ्या दिवशी मोठे अब्बा स्वतः खुर्ची घेऊन शेजारी बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सिलफची का कान बाएँ तरफ है. दाएँ नै." आम्ही तसा तो उजवीकडे काढलाही नव्हता. ते आठवणीतल्या सिलफचीशी बोलत होते. लहानपणी ती हातात धरून पाहुण्यांचे हात धुवायला उभे राहणे हे त्यांचे काम असे. ज्या बाजूने ते धरत त्या बाजूचा कान त्यांना ठाऊक होता.

आठव्या दिवशी सहा नग गेले. बधना राहिला. मोठ्या अब्बांनीच तो पोत्यातून बाहेर काढला आणि मोरीजवळ ठेवला. कारण सांगितले नाही. चित्रे आम्ही चौकटीत घातली नाहीत, एका फाइलीत ठेवली आहेत. कोणी म्हणते, बरे झाले, भांडी गेली तरी चित्रे राहिली. आम्हाला तसे म्हणवत नाही. चित्रातल्या देगेत पुलाव शिजत नाही. पण त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने ती भांडी शेवटची नीट पाहिली. पाहिल्याशिवाय गेलेली वस्तू आणि पाहून निरोप दिलेली वस्तू यांत फरक आहे. जलरंग आम्हाला शिकवतो तो एवढा फरक.

शाळेतला याहून मोठा धडा आम्हाला एका सुपाने दिला. सोलापुरात तेलुगू भाषक बायकांबरोबर आमच्या मोहल्ल्यातल्याही अनेक बाया बिड्या वळतात. तेंदूची भिजवलेली पाने, पत्र्याचा फर्मा, कात्री, तंबाखू, दोरा आणि हे सगळे मांडीवर धरणारे सूप. मजुरी हजारावर मोजली जाते. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलींची फी, वह्या आणि बूट या सुपातून येतात, पण शाळेत ते कोणी बोलत नाही. "अम्मी क्या करते?" या प्रश्नाला उत्तर येते, "घर में रैते."

नववीच्या एका मुलीने एकदा वस्तू म्हणून सूप आणले, तंबाखूचा वास असलेले. मागच्या बाकावर कुजबुज झाली, एकीने नाकाला ओढणी लावली. ती मुलगी ते पिशवीत परत घालू लागली. आम्ही ते सूप टेबलावर मांडले, त्यात कात्री ठेवली, फर्मा ठेवला आणि सगळ्या वर्गाला तेच चित्र दिले. तक्रार करायला कोणाला वेळच उरला नाही, कारण सूप काढणे भयंकर अवघड. बांबूच्या विणीच्या शेकडो पट्ट्या. प्रत्येक पट्टी काढत बसले तर चटईचा नकाशा होतो. मग शिकवले की आधी सगळ्यावर एक फिका पिवळा हात द्या, ओला असतानाच खोलगट भागात तपकिरी सोडा, तो आपणहून पसरेल. आणि वाळल्यावर जिथे उजेड आडवा पडतो तेवढ्याच पाच-सहा पट्ट्या बारीक ब्रशने दाखवा. बाकीची वीण डोळे स्वतः पूर्ण करतात. जिने सूप आणले होते तिचे चित्र सगळ्यांत सरस आले. तिला ते पाठ होते. सुपाची एक कड फाटलेली होती आणि तिला निळ्या चिंधीची गोट शिवलेली होती. इतर मुलींनी ती चिंधी सोडून दिली होती. हिने नेमकी तीच सर्वांत जपून रंगवली होती.

वर्षअखेरीला पालकांना बोलावून चित्रे भिंतीवर लावली. तिची अम्मी कामाच्या वेळात आली होती, बोटांच्या पेरांवर तंबाखूचा रंग तसाच. भिंतीजवळ जाऊन ती थांबली. "ये तो मेराच सूप है," म्हणाली. "ये चिंधी मैंच लगाई." मग तिने चित्रातल्या बिड्यांच्या जुड्या बोटाने मोजल्या. "चौदाच? बाकी के कौन ले गया?" बायका हसल्या, तीही हसली. जाताना आम्हाला म्हणाली, "बाजी, मेरेकू लगा था पोरगीकू शरम आती." तेवढे वाक्य बोलून ती घाईने गेली, कारण माल द्यायची वेळ झाली होती. पुढच्या वर्षी वर्गात तोच प्रश्न विचारला तेव्हा तीन मुलींनी "बिड्या वळतात" असे उत्तर दिले. आधीच्या वर्षी एकीनेही दिले नव्हते.

मोठ्या कलावंतांनीही या वस्तूंना कमी लेखले नाही, हे मुलींना सांगायला आम्हाला आवडते. मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे. त्यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' हा छोटा चित्रपट केला. त्यात कंदील, छत्री आणि जोडा या वस्तू पुनःपुन्हा येतात. बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे हातात दिवा धरलेल्या तरुणीचे प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातले आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. त्या दिव्याच्या उजेडाची सगळीकडे वाखाणणी होते. इटलीतल्या बोलोन्याचे जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) बहिणींच्या सोबतीने एकाच घरात राहिले आणि आयुष्यभर बाटल्या, डबे, सुरया यांचीच चित्रे पुनःपुन्हा काढत बसले. जगाने ती डोक्यावर घेतली. मुलींनी विचारले, "त्यांच्या घरचे ओरडत नव्हते का?" याचे उत्तर आम्हाला देता आले नाही.

आणि कागद? ज्यावर हे सगळे उतरते त्याच्याशी तर आपले जुने नाते आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागझीपुरा लागते. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हापासूनची इथली हातकागदाची परंपरा सांगतात. पिढ्यान्पिढ्या कागझी कुटुंबांनी चिंध्या कुटून, लगदा करून, ताव उचलून, घोटून कागद केला. दौलताबादी आणि जुन्नरी कागदावर मराठेशाहीचा पत्रव्यवहार झाला. म्हणजे मराठीच्या इतिहासाला आपल्या कारागिरांनी पान पुरवले. हातकागदावर पहिल्यांदा रंग टाकला तेव्हा मुलींना आम्ही हे सांगितले. एक जण कागद उजेडात धरून त्यातले धागे शोधू लागली.

सगळेच सोपे झाले असे मात्र नाही. त्याच परीक्षांमध्ये स्मरणचित्र नावाचा विषय असतो. बाजार, शाळेचे मैदान, बसथांबा असा प्रसंग आठवून काढायचा. त्यात माणसे लागतातच. वस्तुचित्रात ज्यांची घरे खूश होती त्यांच्यापैकी काहींच्या घरून इथे नकार आला. एका मुलीचे वडील शाळेत आले. अतिशय नम्र माणूस, रिक्षा चालवतात. म्हणाले, "बाजी, आपने सूप सिखाया, मैं खुश. इससे आगे मेरा दिल नै मानता." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या एका घराने मौलानांना विचारले आणि शिक्षणापुरती मुभा घेतली. तिसरीने पाठमोरी माणसे काढली, चेहरे न काढता, आणि ती उत्तीर्ण झाली. त्या नम्र माणसाची मुलगी परीक्षेला बसली नाही. पण ती अजूनही भांडी काढते, आणि आमच्या मते वर्गात तिच्याइतका हात कोणाचा नाही. तिच्या वाढीव गुणांचे काय, हा प्रश्न आमच्या मनात सलतो. परीक्षेत वस्तुचित्र आणि स्थिरचित्र यांना आधीच जागा आहे. ज्यांना मनापासून अडचण आहे त्यांच्यासाठी स्मरणचित्राऐवजी निसर्गदृश्याचा पर्याय का असू नये? आणि आपल्या बाजूनेही मुलींच्या वहीत डोकावण्याआधी थोडे वाचन, थोडी चौकशी का होऊ नये? दोन्ही दरवाजे ठोठवावे लागतील. ते काम शिक्षकांनी केले नाही तर कोण करणार?

आता शाळेत एक जाड वही आहे. प्रत्येक मुलगी शाळा सोडण्याआधी तीत घरातल्या एका वस्तूचे चित्र लावते. खाली दोन भाषांत नाव, वस्तू कोणाची, कोणी आणली, कशाला वापरतात, आता कुठे आहे. वहीत पाटा-वरवंटा आहे, यंत्रमागाचा धोटा आहे, एका मरहूम नानांचा चष्मा आहे, बॅटरी संपलेला रेडिओ आहे. 'आता कुठे आहे' या रकान्यात बऱ्याचदा लिहिलेले असते: विकले. फुटले. मामूकडे. माहीत नाही. या शहरातल्या साध्या मुसलमान घरांत काय होते, ते कसे जगले, हे कोणी पुढे शोधायला निघाले तर कागदपत्रांत त्याला फार काही सापडणार नाही. जन्माचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती. या वहीत त्याला निळ्या चिंधीची गोट सापडेल.

ईदच्या आधी आपल्या घरांत साफसफाई निघते. माळ्यावरचे खाली येते आणि दारात भंगारवाल्याची गाडी उभी राहते. विकायचे ते विका. घर चालले पाहिजे. फक्त त्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलीला त्या भांड्यासमोर तासभर बसू द्या. एक जाड कागद, पाच-सहा रंग आणि वाटीभर पाणी पुरते. आणि शेजारी घरातले एखादे जुने माणूस बसलेले असावे, पोचा कशाचा ते सांगायला.